कुत्र्याचा अंगरखा

आपल्या गल्लीतला कुत्रा तुम्ही रोज पाहता. सकाळी शाळेत जाताना तो दुकानाच्या फळीखाली अंगाचे वेटोळे करून पडलेला असतो. रात्री एक भुंकला की दुसरा भुंकतो, मग तिसरा. उर्दूच्या तासाला तुम्ही पतरस बुखारी यांचा 'कुत्ते' हा विनोदी लेख वाचला असेल, तर कुत्र्यांच्या भुंकण्यावर किती हसता येते हे तुम्हांला ठाऊकच आहे. पण कुत्र्याच्या अंगावरचे केस तुम्ही कधी नीट पाहिले आहेत का? अनोळखी कुत्र्याला हात लावायचा नसतो, म्हणून दुरूनच पाहा. एखाद्याचे केस अंगाला चिकटलेले, तुकतुकीत असतात. एखादा कापसाच्या पिंजलेल्या गादीसारखा दिसतो. एखाद्याच्या कानांवर झुलपे लोंबत असतात.

हे केस म्हणजे कुत्र्याचा अंगरखा. आपण उन्हाळ्यात मलमलीचा सदरा घालतो आणि थंडीत स्वेटर चढवतो. कुत्र्याला एकच अंगरखा मिळालेला असतो आणि तो त्याला काढता येत नाही. त्याची काळजी कोणी घ्यायची? रानात त्याचे पूर्वज ती स्वतः घेत. माणसाने मात्र कुत्रा पाळायला सुरुवात केली, आणि हजारो वर्षांत आपल्या गरजेप्रमाणे आणि हौसेप्रमाणे त्याचे नाना प्रकारचे केस घडवले. तेव्हा त्या केसांची जबाबदारीही माणसाचीच झाली.

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी कुत्रा नसेल. कोणाच्या शेतावर असेल, कोणाच्या आजोळी गोठ्याच्या राखणीला असेल, कोणाच्या वडिलांच्या गोदामापाशी असेल. कुत्रा घरात असो की अंगणात, त्याची निगा सारखीच करावी लागते.

आधी केसांची रचना समजून घेऊ. आपल्या डोक्यावर साधारण एकाच जातीचे केस असतात. पुष्कळ कुत्र्यांच्या अंगावर मात्र दोन थर असतात. वरचे केस लांब आणि राठ असतात. ते पाऊस, धूळ आणि काटे अडवतात. त्यांच्या मुळाशी मऊ, दाट लव असते. ती हवा धरून ठेवते आणि अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. अंगावर घोंगडी घेतलेला मेंढपाळ आठवा. वरच्या बाजूने पाणी निथळत असते आणि आत तो कोरडा असतो. तसेच हे आहे.

याहून चांगले उदाहरण तुमच्याच ओळखीचे आहे. पश्मीना शाल तुम्ही ऐकली असेल. फारसीत आणि उर्दूत 'पश्म' म्हणजे लोकर. लडाखच्या उंच पठारावरच्या शेळ्यांच्या राठ केसांखाली ही लव वाढते. वसंत ऋतू आला की ती आपोआप सुटू लागते. तेव्हा तेथील लोक शेळीला फणीने विंचरून ती लव गोळा करतात. दोन थरांच्या कुत्र्यांचेही असेच असते. वर्षातून साधारण दोनदा, ऋतू बदलताना, त्यांची आतली लव गळते. घरभर केसांचे पुंजके उडतात आणि घरातली माणसे वैतागतात. त्या दिवसांत रोज विंचरले, तर सुटलेले केस फणीत येतात. न विंचरले, तर ते अंगावरच अडकून त्यांच्या जटा होतात. जटांखाली हवा जात नाही, ओल राहते, कातडीला खाज सुटते, आणि खाजवून खाजवून जखम होते.

आता एक चूक सांगतो. ती फार लोक करतात, आणि दयेपोटी करतात.

आमच्या शेजारी एका घरी पांढराशुभ्र केसाळ कुत्रा होता. आपल्याकडे अशा कुत्र्याला सरसकट पामेरियन म्हणतात. त्यांतले पुष्कळसे खरे तर इंडियन स्पिट्झ जातीचे असतात. मे महिना होता. कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकत होता. घरच्या मुलाला त्याची कीव आली. त्याने एका माणसाला बोलावून कुत्र्याचे सगळे केस मशीनने अगदी कातडीपर्यंत काढून टाकले. मुलाला वाटले, आता याला गार वाटेल. झाले उलटेच. कुत्रा पूर्वीपेक्षा जास्त धापा टाकू लागला. पाठीची गुलाबी कातडी उन्हाने भाजून लाल झाली. लाजल्यासारखा तो पलंगाखाली जाऊन बसे.

असे का झाले? आपल्याला घाम येतो आणि तो वाळताना अंग गार होते. कुत्र्याच्या अंगाला असा घाम येत नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गाद्यांमध्ये असतात. अंग गार करण्याचा त्याचा उपाय म्हणजे धापा टाकणे. जीभ आणि तोंडातली ओल वाळते आणि त्याबरोबर उष्णता बाहेर जाते. म्हणून केस काढल्याने त्याला आपल्यासारखा गारवा मिळत नाही. उलट, दोन थरांचे केस बाहेरचे ऊनही काही अंशी अडवत असतात. जाड भिंतींचे जुने घर उन्हाळ्यात थंड राहते ना, तसे. शिवाय पुरते भादरलेले केस पुन्हा पूर्वीसारखे येतीलच असे नाही. कधी ते ठिगळाठिगळांनी येतात, कधी नुसती लव आधी वाढते.

मग उन्हाळ्यात करायचे काय? सुटलेली लव विंचरून काढायची, म्हणजे केसांतून हवा खेळते. सावली द्यायची. मातीच्या पसरट भांड्यात सदैव ताजे पाणी ठेवायचे. भर दुपारी त्याला डांबरी रस्त्यावर न्यायचे नाही. आपल्या पायांत चप्पल असते, त्याच्या पायांत नसते. आपला तळहात पालथा करून रस्त्यावर टेकवावा. पाच-सात सेकंदही तो ठेववत नसेल, तर त्या रस्त्यावर कुत्र्याने चालायचे कसे?

लॅब्रॅडोर तुम्ही पाहिला असेल, निदान पोलिसांच्या पथकात. त्याचे केस आखूड दिसतात, म्हणून लोकांना वाटते की याला काही करावे लागत नाही. पण तो न्यूफाउंडलंडच्या थंड किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या कुत्र्यांचा वंशज आहे. त्याच्या आखूड केसांखाली दाट लव आहे. आठवड्यातून दोन-तीन वेळा त्याला विंचरावे लागते. अल्सेशियन, म्हणजेच जर्मन शेफर्ड, याचेही तसेच. सैबेरियाचा हस्की आणि आल्प्स पर्वतातला सेंट बर्नार्ड यांना तर बर्फासाठीच घडवलेले आहे. असे कुत्रे हौसेने विकत आणून आपल्या उष्ण, दमट शहरांतल्या दोन खोल्यांच्या घरांत ठेवलेले मी पाहिले आहेत. मला ते पटत नाही. कितीही माया केली, तरी त्याच्या अंगातला तो रजईसारखा अंगरखा आपल्याला उतरवता येत नाही.

पूडलचे केस निराळे. त्याच्या केसांत आतली लव जवळजवळ नसते. केस कुरळे असतात आणि आपल्या डोक्यावरच्या केसांसारखे वाढतच राहतात. ते फारसे गळत नाहीत, म्हणून काही लोकांना सोईचे वाटतात. पण गळत नाहीत याचा अर्थच असा, की ते कापावे लागतात. दर चार-सहा आठवड्यांनी ते कापायचे आणि रोज विंचरायचे. दोन महिने हयगय केली, तर सगळ्या अंगाची मिळून एकच नमदा होते. राठ, तारेसारख्या केसांचे टेरियर कुत्रेही असतात. ते आपल्याकडे थोडे आहेत, त्यांच्याविषयी येथे फार सांगत नाही.

आता आपल्या मातीतल्या कुत्र्यांकडे येऊ. लातूरकडे आणि दख्खनच्या इतर भागांत कारवान नावाचा शिकारी कुत्रा मिळतो. उंच पाय, बारीक कंबर, लांबोडे तोंड. उभा राहिला तर बरगड्या मोजता येतात, म्हणून नवख्याला वाटते की याला खायला देत नाहीत. पळायला लागला, की कळते तो काय आहे ते! व्यापाऱ्यांच्या काफिल्यांबरोबर, म्हणजे कारवानांबरोबर, या कुत्र्यांचे पूर्वज इकडे आले असे सांगतात. नाव त्यावरूनच पडले म्हणतात. कर्नाटकातला मुधोळ हाउंड त्याचा सख्खा भाऊ शोभेल असा आहे. २००५ साली भारतीय टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळचे चित्र होते. त्याच्याबरोबर राजपालयम, रामपूर हाउंड आणि हिमालयातला मेंढपाळ कुत्रा होता.

कारवानाचे केस अगदी आखूड आणि अंगालगत असतात. त्याला निगा थोडी लागते. आठवड्यातून एकदा रबरी ब्रशने किंवा जाड्याभरड्या ओल्या फडक्याने अंग पुसले, की झाले. गावाकडे बैलाला खरारा करतात, तसाच हलक्या हाताने करायचा. मात्र आखूड केसांच्या कुत्र्याला थंडी लवकर वाजते. डिसेंबरच्या रात्री त्याला उघड्या फरशीवर झोपवू नये, एखादे पोते तरी अंथरावे.

याच कुत्र्यांत लांब केसांचा एक प्रकार आहे. त्याला काय म्हणतात, सांगा पाहू? पश्मी! तुमचाच शब्द लातूरच्या शेतकऱ्याच्या तोंडी आहे. पश्मीच्या सगळ्या अंगावर लोकर नसते. पाठ बरीचशी गुळगुळीत असते. पण कानांवर, पायांच्या मागच्या बाजूला आणि शेपटीला लांब, रेशमी झालर असते. शेतातून हिंडून आला, की या झालरीत गोखरू, कुसळे आणि वाळलेल्या गवताचे काटे अडकतात. कारवान आणि पश्मी यांचा बांधा तोच, धाव तीच. पण कारवानाला आठवड्याने हात लावला तरी चालते आणि पश्मीच्या कानांमागे रोज फणी फिरवावी लागते. लांब केसांचा गुंता बहुतेक वेळा तीनच ठिकाणी सुरू होतो: कानांमागे, काखेत आणि मांड्यांच्या मागे. गुंता ओढायचा नाही. केसांचे मूळ एका हाताने धरायचे, म्हणजे कातडी ओढली जात नाही. मग टोकाकडून थोडा थोडा सोडवत मुळाकडे जायचे. ताई तुमच्या धाकट्या बहिणीची वेणी घालताना जसे करते, तसे.

विंचरण्याचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो मला सगळ्यांत मोठा वाटतो. विंचरताना हात सगळ्या अंगावरून फिरतो. एखादी गाठ, जखम, सूज, रुतलेला काटा हाताला लागतो. कुत्रा 'मला येथे दुखते' असे सांगू शकत नाही. हात तेथे गेला की तो अंग आखडतो. तेच त्याचे सांगणे.

हाताला लागणारी आणखी एक वस्तू म्हणजे गोचीड. ती आधी तिळाएवढी असते. मादी रक्त पिऊन फुगली, की एरंडीच्या बीसारखी दिसते. एरंडाचे शास्त्रीय नाव रिसिनस. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थच गोचीड असा आहे, एवढे ते साम्य! गोचिडीमुळे कुत्र्याला नुसती खाज सुटत नाही. तिच्या चाव्यातून रोगाचे जंतू त्याच्या रक्तात जातात. मग ताप येतो, कुत्रा जेवत नाही, हिरड्या पांढऱ्या पडतात. गोचीड बोटांनी चिरडू नये. कातडीला लागून चिमट्याने धरावी, सरळ वर ओढावी आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकावी. रॉकेल लावण्याची चाल काही ठिकाणी आहे. ती वाईट आहे, त्याने कातडी भाजते. आणि अंगावरच्या गोचिडी काढून काम संपत नाही. फुगलेली मादी खाली पडते आणि भिंतीच्या फटीत जाऊन हजारो अंडी घालते. म्हणून कुत्र्याची जागा, त्याचे अंथरूण आणि भिंतीच्या भेगा साफ कराव्या लागतात. औषध कोणते व किती, ते जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच वापरावे.

आंघोळीविषयी लोकांची समजूत फार उदार आहे. रोज आंघोळ म्हणजे स्वच्छता, असे आपल्याला वाटते. कुत्र्याच्या कातडीतून तेलकट द्रव पाझरतो आणि त्याने केस तुकतुकीत राहतात. सारखे साबण लावले, की तो धुऊन जातो. निरोगी कुत्र्याला महिन्यातून एकदा आंघोळ पुष्कळ झाली. आपला साबण त्याला चालत नाही. त्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते आणि तिचा गुणधर्मही वेगळा असतो. कपड्यांची वडी तर मुळीच लावू नये. आंघोळीपूर्वी विंचरून गुंता काढावा, कारण पाण्याने गुंता आवळला जातो. आणि नंतर अंग मुळापर्यंत कोरडे करावे. पावसाळ्यात केसाळ कुत्र्याचे वरचे केस वाळलेले दिसतात आणि आत लव ओलीच असते. तेथेच बुरशी धरते.

लोंबत्या कानांत अशीच ओल कोंडते. कानाला वास येऊ लागला किंवा कुत्रा सारखी मान झटकू लागला, तर डॉक्टरांना दाखवावे. कानात काडी घालू नये. नख्या जमिनीवर टकटक वाजू लागल्या, म्हणजे त्या वाढल्या. कापताना टोकच कापायचे. नखीच्या आत रक्तवाहिनी असते, ती तुटली तर रक्त येते आणि कुत्रा पुन्हा कधी पंजा हातात देत नाही.

खाण्याचे थोडक्यात सांगतो. केसांची चमक ब्रशने जेवढी येते, त्याहून जास्त पोटातून येते. नुसत्या शिळ्या पोळीवर कुत्रा जगतो, पण त्याचे केस निस्तेज होतात. त्याला अंडी, मांस, डाळ-भात असे काही मिळाले पाहिजे. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षे आणि मनुका त्याला विषासारख्या आहेत. बिर्याणीतली उरलेली हाडे त्याच्यापुढे टाकू नका. शिजलेली हाडे फुटून त्यांचे टोकदार तुकडे होतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात. त्याच्या अंगाला हात लावला तर आपल्यापेक्षा गरम लागतो, त्याने घाबरू नका. निरोगी कुत्र्याचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते.

आता केस आणि कातडी यांच्या पलीकडची एक गोष्ट. ती कुत्रा पाळणाऱ्यालाच नव्हे, न पाळणाऱ्यालाही माहीत हवी. कुत्रा तीन महिन्यांचा झाला, की त्याला रेबीजची लस टोचावी लागते. पुढची टोचणी कधी, ते डॉक्टर कार्डावर लिहून देतात. ते कार्ड जपून ठेवायचे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतून हा रोग माणसाला होतो. एकदा लक्षणे दिसू लागली, की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण लक्षणे दिसण्यापूर्वी लस घेतली, तर वाचतो. ही लस फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी १८८५ साली प्रथम एका ९ वर्षांच्या मुलाला दिली आणि तो वाचला.

म्हणून कुत्रा चावला किंवा नुसते ओरखडले, तरी घरी लपवू नका. मार बसेल या भीतीने मुले सांगत नाहीत, आणि तेथेच घात होतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. घड्याळ लावून धुवा, १५ मिनिटे फार मोठी असतात. हळद, चुना, मिरची, तेल काही लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. पूर्वी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, त्याची भीती अजून लोकांच्या मनात आहे. आता तसे नाही. दंडावर मोजकी इंजेक्शने असतात. मात्र डॉक्टर सांगतील त्या सगळ्या तारखांना जायचे, एकही चुकवायची नाही.

जनावरांचे डॉक्टर कोठे भेटतात, असे तुम्ही विचाराल. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. मुंबईत परळला तर १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आमच्या शेजारच्या त्या पांढऱ्या कुत्र्यालाही शेवटी डॉक्टरांकडेच नेले. त्यांनी पाठीला लावायला मलम दिले आणि दुपारी त्याला बाहेर सोडू नका असे बजावले. मुलगा रोज संध्याकाळी मऊ फडक्याने त्याचे अंग पुसू लागला. पावसाळाभर कुत्रा कातरलेल्या कोकरासारखा दिसत होता. दिवाळीच्या सुट्टीत पाठीवर लव दिसू लागली आणि मानेभोवतीची झालर यायला पुढचा पावसाळा उजाडला. शेपटीच्या बुडाशी एक जागा मात्र अजून उघडीच आहे. मुलगा विंचरायला बसला, की फणी तेथे आल्यावर हात उचलून घेतो.